ल्युकोफायलम: चंदेरी झुडपाची लागवड, पाणी, छाटणी आणि कलमं

ल्युकोफायलमचं एक पान तोडून पाण्यात बुडवा आणि बोटांच्या चिमटीत हलकेच दाबा. चंदेरी रंग विरघळल्यासारखा नाहीसा होतो आणि आतून साधंसुधं हिरवं पान निघतं. म्हणजे चांदी पानात नाहीच, ती पानावरच्या लवेत आहे. साधं दहा पटींचं भिंग लावलं तरी दिसतं की ही लव सरळ केसांची नाही. प्रत्येक केसाला फांद्या फुटलेल्या असतात आणि त्या शेजारच्या केसांच्या फांद्यांत अडकून घोंगडीसारखी विण तयार होते. त्या विणीत अडकलेल्या हवेमुळे उजेड विखुरतो आणि पान पांढुरकं दिसतं. पाण्याने ती हवा बाहेर ढकलली की रंग गेला.

ही घोंगडी शोभेसाठी नाही. कडक ऊन ती परतवून लावते, आणि पानाच्या पृष्ठभागाशी हवेचा एक थर रोखून धरते, त्यामुळे वाऱ्याने पान लवकर सुकत नाही. थोडक्यात, तहानेची तयारी करून आलेलं हे झुडूप आहे. आणि आपण बागवाले लोक झारी हातात घेऊनच जन्माला आलेलो असतो. माझी पहिली दोन झुडपं मी पाणी घालूनच मारली. पहिलं गेलं तेव्हा वाटलं, रोपच कमकुवत असेल. दुसऱ्याची पानं मलूल दिसली, म्हणून पाणी वाढवलं. ती अजून मलूल झाली, म्हणून आणखी वाढवलं. तीन आठवड्यांनी उपटलं तर मुळांची साल बाही उतरावी तशी बोटात आली आणि मातीला आंबूस वास येत होता. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं त्या वासातून शिकलेलं आहे.

आधी ओळख पक्की करा

पूर्ण नाव ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स. ग्रीक भाषेत ल्युकोस म्हणजे पांढरं आणि फायलॉन म्हणजे पान, तेव्हा नावातच वर्णन आलं. मूळ घर अमेरिकेतलं टेक्सस आणि त्याला लागून असलेला उत्तर मेक्सिको. तिथल्या चुनखडीच्या, दगडगोट्यांच्या उतारांवर ते आपोआप वाढतं. स्पॅनिश बोलणारे त्याला सेनिसो म्हणतात, म्हणजे राखेच्या रंगाचं. इंग्रजीत टेक्सस सेज हे नाव रूढ आहे, पण खऱ्या सेजशी, म्हणजे साल्व्हियाशी, त्याचं काही नातं नाही. साल्व्हिया तुळशीच्या कुळातला आणि हे स्क्रोफ्युलारिएसी कुळातलं. २००५ साली टेक्ससने या झुडपाला राज्याचं अधिकृत देशी झुडूप म्हणून मान दिला.

रोप विकत घेताना नावांचा घोळ होतो. ल्युकोफायटा नावाचं एक ऑस्ट्रेलियन झुडूप आहे. तेही चंदेरी, पण त्याच्या काड्या तारेसारख्या बारीक आणि एकमेकांत गुंतलेल्या असतात, पानं जवळजवळ दिसतच नाहीत. ट्युक्रियम फ्रुटिकन्स हे भूमध्य सागराकाठचं झुडूप तर लांबून अगदी जुळं भावंड वाटतं. फरक बोटांना कळतो. ट्युक्रियमची कोवळी काडी चौकोनी असते आणि पानं जोडीजोडीने समोरासमोर येतात. ल्युकोफायलमची काडी गोल, पानं एकाआड एक, दाट, साधारण दोन-अडीच सेंटीमीटरची, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती. फुलं घंटेसारखी, पाच पाकळ्यांची, जांभळट गुलाबी.

कोणता वाण घ्यावा

मूळ जात मोठी होते. जमिनीत सुखावली तर दीड ते अडीच मीटर उंची आणि जवळजवळ तेवढाच घेर. नर्सरीतल्या वीतभर रोपाकडे बघून हे लक्षात येत नाही, आणि मग दोन वर्षांनी पायवाट अडली म्हणून लोक कात्री घेऊन बसतात. छाटणीची बहुतेक भांडणं चुकीच्या वाणातून सुरू होतात. जागा कमी असेल तर सुरुवातीलाच 'कॉम्पॅक्टा' घ्या, तो मीटर-सव्वा मीटरच्या आसपास राहतो आणि बांधाही घट्ट असतो.

'ग्रीन क्लाउड' नावाप्रमाणे हिरवट आहे. फुलं गडद, पण चांदी हवी असेल त्याने तो घेऊन हळहळू नये. 'व्हाइट क्लाउड'ची पानं राखाडी आणि फुलं पांढरी, चांदण्या रात्री फार सुरेख दिसतो. सगळ्यात लखलखीत पान मात्र ल्युकोफायलम कँडिडम या वेगळ्या जातीचं. तिचे 'सिल्व्हर क्लाउड' आणि 'थंडर क्लाउड' हे वाण बुटके असतात आणि फुलं गर्द जांभळी. पण पान जितकं पांढरं, तितका ओलीचा तिटकारा जास्त. पहिल्यांदाच लावत असाल तर फ्रुटेसेन्सचाच एखादा वाण घ्या. कँडिडमची हौस दुसऱ्या खेपेला.

नर्सरीत रोप निवडताना मी पानांपेक्षा बुंधा आधी बघतो. मातीच्या पातळीला बोट लावून दाबा. तिथे काडी कडक आणि सुकी लागली पाहिजे. काळपट किंवा मऊ लागली तर वर कितीही चांदी असली तरी रोप परत ठेवा. पिशवीच्या छिद्रांतून मुळं बाहेर येऊन जाड झाली असतील तर तेही नको. फुलांनी डवरलेलं रोप मोह पाडतं, पण फुलं नसलेलं, खालपासून फांद्या फुटलेलं रोप पुढे चांगलं झुडूप होतं.

जागा

ऊन किती? असेल तेवढं. सहा तास थेट ऊन ही किमान अट, आठ तास मिळाले तर उत्तम. सावलीत झुडूप मरत नाही, पण फांद्या लांबतात, पानं विरळ होतात, लव पातळ पडून रंग हिरवट होतो आणि फुलं जवळजवळ येतच नाहीत. भिंतीशी लावायचं तर तापणाऱ्या भिंतीशी लावा. बाकीची झाडं जिथे होरपळतात तो कोपरा याला मानवतो.

थंडीचं म्हणाल तर मूळ जात उणे १२ अंश सेल्सियसच्या आसपासपर्यंत तग धरते. कडाक्यात थोडी पानं गळतात, वसंतात परत येतात. थंडी आणि ओल एकत्र आली तर मात्र हे गणित चालत नाही.

एक जागा कटाक्षाने टाळा: हिरवळीचा काठ. हिरवळीला रोज पाणी लागतं, आणि फवाऱ्याचं पाणी या झुडपाच्या पानांवर आणि बुंध्याशी पडत राहतं. दोघांपैकी एकजण उपाशी किंवा दुसरा बुडून मरणार, हे ठरलेलं.

निचरा तपासा, मगच खड्डा खणा

लावायच्या जागी फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढा. पाण्याने काठोकाठ भरा आणि जिरू द्या. पूर्ण जिरलं की लगेच पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावा. पहिल्या भरणीत कोरडी माती पाणी ओढून घेते, म्हणून खरी माहिती दुसऱ्या भरणीत मिळते. तासाला अडीच-तीन सेंटीमीटर किंवा जास्त पातळी उतरली तर जागा चालेल. त्याहून कमी असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी चमकत असेल, तर तिथे सपाट जमिनीत लावू नका.

चिकण मातीवर लोक हमखास एक उपाय करतात: मोठा खड्डा खणून त्यात वाळू, खत आणि पोयट्याची मऊ माती भरायची. दिसायला शहाणपणाचं, पण घट्ट जमिनीत मऊ मातीचा खड्डा म्हणजे वाडगा. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नाही. त्यापेक्षा खाली न जाता वर चढा. जमिनीवर पंचवीस-तीस सेंटीमीटर उंच, निदान मीटरभर रुंद असा उंचवटा करा. त्यात बागेची माती, मुरूम आणि जाड वाळू मिसळा. उंचवट्याच्या कडा हळूहळू उतरत्या ठेवा, भिंतीसारख्या उभ्या नकोत, नाहीतर पहिल्याच जोराच्या पावसात माती वाहून जाते.

मातीच्या सामूची, म्हणजे पीएचची, फार काळजी नको. चुनखडीतून आलेलं झुडूप आहे, त्यामुळे ७ ते ८ च्या दरम्यानची विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) माती त्याला चालतेच नव्हे तर आवडते. इतर झाडं जिथे पिवळी पडतात तिथे हे हसत उभं असतं. जमीन फारच आम्ल असेल तर लावताना मातीत थोडी चुनखडीची भुकटी मिसळा.

लावणी

गरम हवेत मुळं लवकर चालतात, पण भर उन्हाळ्यात नव्या रोपाला पाणी पुरवणं जिकिरीचं. म्हणून थंडी सरत असताना किंवा सलग पाऊस ओसरल्यावर लावणं बरं. ऐन पावसाच्या झडीत लावू नका, बाकी सगळी झाडं तेव्हा लावली तरी.

खड्डा रोपाच्या हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट रुंद घ्या, पण खोली हुंडीपेक्षा बोटभर कमीच ठेवा. हुंडीचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर राहिला पाहिजे. माती पुढे दबते आणि रोप आपोआप खाली बसतं. सुरुवातीलाच समपातळीत लावलं तर वर्षभरात बुंधा खळग्यात जातो. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर ती बोटांनी मोकळी करा, नाहीतर धारदार सुरीने हुंडीला तीन-चार उभे चिरे द्या. फिरणारी मुळं तशीच राहिली तर बाहेरच्या मातीत शिरत नाहीत, आणि झुडूप दोन वर्षांनीही हाताने हलवलं तर डुलतं.

काढलेलीच माती परत भरा. खड्ड्यात खताची घमेली ओतू नका. माती हाताने दाबा, पायाने नको. मग एकदा भरपूर पाणी द्या, म्हणजे मातीतल्या पोकळ्या बुजतील. आळं केलंच तर ते पहिल्या वर्षापुरतं, आणि सलग पावसाआधी एका बाजूने फोडून ठेवायचं.

आच्छादन म्हणून पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा वापरू नका. ते ओल धरून ठेवतात आणि ती बुंध्याशी राहते. त्याऐवजी बारीक खडीचा चार-पाच सेंटीमीटरचा थर द्या. खडीने तण कमी होतं, पावसाचे शिंतोडे उडून चिखल खालच्या पानांवर बसत नाही, आणि चंदेरी पानाखाली खडी शोभतेही.

कुंपणासारखी रांग करायची असेल तर मोठ्या वाणाला मीटर-सव्वा मीटर अंतर, 'कॉम्पॅक्टा'ला पाऊण ते एक मीटर. सुटं झुडूप असेल तर भोवती दीड-दोन मीटर मोकळी जागा सोडा. पहिल्या वर्षी ते अंतर विचित्र वाटतं, तिथे हंगामी फुलझाडं लावून डोळ्यांची समजूत घाला, पण पाणी कमी लागणारीच.

पाणी: इथेच झुडूप जगतं किंवा जातं

पहिले दोन आठवडे तीन-चार दिवसांआड. त्यानंतर दोन-तीन महिने आठवड्याला एकदा. मग दहा-पंधरा दिवसांवर न्या. हे आकडे निव्वळ सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या, कारण वाळूच्या आणि चिकण मातीच्या जमिनीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खरी कसोटी काडीची. एक सुकी, साल काढलेली काडी बुंध्यापासून वीतभर अंतरावर आठ-दहा सेंटीमीटर खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी गडद आणि गार लागली तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तर द्या, आणि द्याल तेव्हा खोलवर मुरेल इतकं द्या. रोज तांब्याभर पाणी हा सगळ्यात वाईट प्रकार. त्याने वरचा थर सतत ओला राहतो, मुळं खाली जायचं कारणच उरत नाही, आणि बुंधा कुजायला आयतं निमित्त मिळतं.

दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झुडपाला पावसाशिवाय फारसं काही लागत नाही. कोरडा उन्हाळा लांबला तर तीन-चार आठवड्यांनी एकदा खोल पाणी पुरे. ठिबक लावली असेल तर याच्यासाठी वेगळी, बंद करता येणारी नळी ठेवा. बाकी वाफ्यांबरोबर तीच नळी फिरवली तर झुडूप दगावण्याची शक्यता जास्त.

आता ती फसवी गोष्ट. तहानलेलं झुडूप आणि बुडालेलं झुडूप दोन्ही मलूल दिसतात, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. वर दुष्काळ, खाली पूर. मी दुसऱ्या झुडपाला पाणी वाढवत गेलो ते याच फशीमुळे. फरक असा ओळखावा: तहान असेल तर पानं आत वळतात, चुरचुरीत होतात, आतल्या बाजूची जुनी पानं आधी गळतात, आणि खोल पाणी दिल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत झुडूप तरारतं. बुडालेलं असेल तर पानं लुळी पडतात, राखाडी रंगात पिवळेपणा मिसळतो, एकेक फांदी पूर्णपणे मरत जाते, आणि काडी आठ सेंटीमीटरवर ओली निघते. बुंध्याची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर आशा आहे, तपकिरी आणि ओलसर असेल तर नाही.

आशा असेल तर पाणी ताबडतोब बंद करा, खडी बाजूला सारून बुंधा उघडा करा, वारा लागू द्या. लहान रोप असेल तर उपटून कुजलेली मुळं कापा, शेंडे तिसऱ्या हिश्शाने कमी करा आणि कोरडसर, खडीदार मिश्रणात लावा. हे सगळं करण्याआधी मात्र अजून ताज्या असलेल्या फांद्यांची कलमं काढून ठेवा. झुडूप वाचेल न वाचेल, वाण हातचा जाणार नाही.

जिथे पाऊस सलग महिना-दोन महिने पडतो तिथे हे झुडूप होतच नाही असं नाही. उंचवटा, भरपूर वारा आणि झुडपाच्या आत उजेड जाईल इतकी मोकळी फांदीरचना, एवढं जमलं तर निभावतं. पावसाळ्यात त्याचा रंग जरा उतरतो, हिरवट दिसतो. घाबरू नका, खत तर मुळीच घालू नका. उघडीप झाली की नव्या पानांवर चांदी परत येते.

खत

जवळजवळ नको. जमिनीत असेल तर वर्षातून एकदा, नवी फूट यायच्या आधी, पातळ थर देऊन कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तेही जमीन अगदीच निकस असेल तर. नत्र जास्त झालं की फांद्या लुसलुशीत आणि लांब होतात, वाऱ्याने पडतात आणि लव विरळ येते. उपाशी ठेवलेलं झुडूप देखणं असतं.

छाटणी: गोळा करू नका

रस्त्याच्या दुभाजकांवर, कचेऱ्यांच्या अंगणात या झुडपाचे चेंडू आणि ठोकळे करून ठेवलेले दिसतात. मोठी कात्री फिरवली, काम झालं. पण फुलं येतात ती नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात. महिन्या-महिन्याला वरचा थर कापत राहिलं की फुलायची वेळ यायच्या आतच ती फूट जमिनीवर पडलेली असते. शिवाय सतत कातरल्याने बाहेर पानांचं दाट कवच होतं, आत उजेड जात नाही, आणि आतून झुडूप काड्यांचा सांगाडा बनतं. मग एक दिवस एखादी बाजू वाळते आणि त्या चेंडूला भोक पडतं, ते भरून यायला वर्षं लागतात.

छाटणी वर्षातून एकदा, थंडी सरताना, नवे कोंब फुटायच्या बेताला. हातात सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छाटणीची छोटी कात्री, घ्या, मोठी कात्री घरात ठेवा. आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग चार पावलं मागे जा आणि झुडूप नीट बघा. ज्या दोन-तीन फांद्या सगळ्यात जुन्या, जाड आणि खाली उघड्या आहेत त्या बुडापासून काढा, एकूण फांद्यांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. उरलेल्यांपैकी फार लांबलेली फांदी मधेच तोडू नका, तिच्या आतल्या बाजूला जिथे बाजूची फांदी फुटली असेल तिथपर्यंत मागे जाऊन कापा. अशी कापलेली जागा पानांत लपते आणि झुडूप छाटलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मला तर हीच छाटणीची खूण वाटते.

खालून पूर्ण उघडं पडलेलं जुनं झुडूप असेल तर हेच काम तीन वर्षांत विभागून करा, दर वर्षी तिसरा हिस्सा जुनी फांदी. निरोगी झुडूप एकदम जमिनीलगत छाटलं तरी बहुधा फुटतं, पण "बहुधा" या शब्दावर दहा वर्षांचं झुडूप लावायची माझी तयारी नाही.

फुलं कधी येतात

इंग्रजीत याला बॅरोमीटर बुश असंही म्हणतात, कारण हवेतली आर्द्रता वाढली किंवा पाऊस पडून गेला की काही दिवसांत पूर्ण झुडूप एकदम फुलतं. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत असे बहराचे झोत येत राहतात, प्रत्येक झोत थोडे दिवस टिकतो. म्हणून हे झुडूप पावसाचं भाकीत करतं अशी समजूत आहे. ते भाकीत करत नाही, हवेतल्या बदलाला उत्तर देतं. नळाच्या पाण्याने तसा बहर येत नाही, तेव्हा फुलांसाठी म्हणून पाणी वाढवू नका. फुलं नीट येत नसतील तर क्रमाने तीन गोष्टी तपासा: ऊन कमी पडतंय का, कुणी वरून कातरतंय का, आणि खत जास्त झालंय का. बहुधा दुसरी निघते.

कुंडीत

गच्चीवर हे झुडूप चांगलं राहतं, फक्त कुंडी निदान चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर व्यासाची, मातीची, बिनझिलईची हवी. तिच्या भिंतीतून ओल बाहेर जाते. मिश्रण असं: निम्मी बागेची माती, पाव हिस्सा जाड वाळू, पाव हिस्सा तीन ते सहा मिलिमीटरची खडी, वर दोन मुठी कुजलेलं खत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुख्य मिश्रणात नको, ते पाणी धरून ठेवतं. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा जाड थर देण्याची जुनी सवय सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, त्या सीमेवरच अडून राहतं, आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. छिद्रावर जाळीचा एक तुकडा पुरे. कुंडी विटांवर ठेवा, खाली बशी नको.

कुंडीतल्या झुडपाला जमिनीतल्यापेक्षा पाणी जास्त वेळा लागतं, काडीची कसोटी इथेही तीच. दोन-तीन वर्षांनी हुंडी बाहेर काढून बाहेरची मुळं दोन-तीन सेंटीमीटर कापा आणि नव्या मिश्रणात त्याच कुंडीत बसवा.

कीड, धूळ

कीड फार लागत नाही. बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण समजा, ओल्या कापडाने पुसून काढा. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येऊ शकते. सकाळी पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीनदा मारला की आटोक्यात राहते. तेलाची फवारणी करायची झाली तर आधी एकाच फांदीवर करून आठवडाभर थांबा. तेल लवेत शिरलं की हवा बाहेर पडते, आणि पाण्यासारखं ते वाळून जात नाही, तेव्हा डाग राहतात. रस्त्याकडेच्या झुडपावर धूळ बसून चांदी काळवंडते. महिन्यातून एकदा, ऊन असलेल्या दिवशी, सकाळी धुवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत आतून सुकेल.

शेजारी कोण

चांदी एकटी फिकी दिसते, तिला मागे गडद हिरवं लागतं. काळपट हिरव्या पानांच्या उंच झाडापुढे हे लावा आणि पायाशी लॅव्हेंडर, रोझमेरी, कोरफडीच्या जाती किंवा कोरड्यात राहणारं गवत घ्या. सगळ्यांची तहान सारखी असली पाहिजे, रंग मग जुळतात. दवण्याच्या कुळातली आर्टेमिसिया मात्र शेजारी नको. दोन चंदेरी एकमेकांचा रंग खातात. दुपारी हे झुडूप डोळ्यांवर येतं, संध्याकाळी बाकी बाग काळी पडल्यावर तेच एकटं दिसत राहतं, म्हणून बसायच्या जागेवरून नजरेत येईल असं लावावं.

कलमं

बी बारीक असतं आणि वाणाचे गुण त्यातून जसेच्या तसे येतील याचा भरवसा नाही. छाट कलम सोपं आणि खात्रीचं. गरम हवेत, वाढ जोरात असताना, फुलं नसलेली फांदी निवडा. ती वाकवून बघा: शेंडा मऊ, लवचीक, पण बुडाकडे किंचित कडक, जास्त वाकवलं तर कट्‌ असा आवाज येऊन मोडेल, अशी अवस्था हवी. अगदी कोवळी फांदी कुजते, जुनी लाकडी फांदी मुळं धरायला आळस करते.

सकाळी कापा. लांबी आठ ते दहा सेंटीमीटर, काप पेराच्या लगेच खाली. खालच्या निम्म्या भागातली पानं ओरबाडू नका, सिकेटरने काढा, ओढलं तर साल सोलून येते. टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवून जास्तीची झटकून टाका. माध्यम निम्मी जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खनिज दाणे) आणि निम्मं कोकोपीट, ओलसर, पण मुठीत दाबलं तर पाणी ठिबकणार नाही इतपत. इथे कोकोपीट चालतं, कारण मुळं नाहीत तोवर काडीला थोडी ओल लागतेच. पेन्सिलने भोक करून काडी उभी करा, म्हणजे पावडर पुसली जात नाही.

आता खरी अडचण. इतर कलमांवर आपण प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधतो. इथे तसं केलं तर लवेत दमट हवा कोंडते आणि चार दिवसांत पानांवर बुरशी येते. पिशवीचं तोंड वरून उघडं ठेवा, किंवा कुंडीभोवती नुसती कागदाची आडोशाची भिंत करा, आणि फवारा दिवसातून एकदाच, सकाळी, हलका. जागा उजेडाची पण थेट ऊन नसलेली. गळलेलं पान दिसलं की लगेच उचला.

चार ते सहा आठवड्यांनी काडी दोन बोटांनी हलकेच वर ओढा. सहज निघाली तर परत खोचा आणि दोन आठवडे थांबा. अडली, तर मुळं आली. अशी प्रत्येक काडी आठ-दहा सेंटीमीटरच्या कुंडीत, मोठ्या झुडपाच्याच खडीदार मिश्रणात लावा, आठवडाभर सावलीत ठेवून रोज तासभर ऊन वाढवत न्या, आणि वीतभर झाल्यावर शेंडा खुडा, म्हणजे खालून फांद्या फुटतील. एका वेळी सहा-सात काड्या लावाव्यात. सगळ्या जगल्या तर शेजाऱ्यांना द्यायला होतात, देताना फक्त झारीबद्दल दोन शब्द सांगायचे.